मांजर चावलं तरी लस घ्यायची का?

या महिन्यात दहावीच्या सराव परीक्षांवर लिहायचं ठरलं होतं. संपादकांना तसं कळवूनही टाकलं होतं. पण वर्गात एक गोष्ट घडली आणि विषय बदलावा लागला. दहावीच्या मुलांच्या आयांनी रागावू नये, त्यांचा विषय पुढच्या अंकात नक्की.

सहावीतली एक मुलगी तीन दिवस मनगटाला रुमाल बांधून शाळेत येत होती. मला वाटलं, मेंदी बिघडली असेल म्हणून लपवतेय. चौथ्या दिवशी विज्ञानाच्या तासाला लिहिताना तिचा हात थरथरला. जवळ जाऊन रुमाल सोडला तर खाली दातांच्या चार खुणा, भोवती सूज, आणि त्यावर हळद व लाल तिखटाचा वाळलेला थर. मुलगी रडायलाच लागली. "टीचर, बिल्ली ने काटा है. अम्मी को मत बोलना."

काळेवाडीत आमच्या भागात गल्ल्या अरुंद आणि घरं एकमेकांना चिकटून आहेत. जिन्यात, गॅलरीत, पाण्याच्या टाकीवर मांजरांचा मुक्काम असतोच. मासळी साफ करायला बसलं की चार-पाच हजर. हे मांजर तसंच कोणाचंही नसलेलं, पण सगळ्यांच्या घरात जेवणारं. दोन दिवस ते गुरगुरत होतं, मुलीने दूध पुढे केलं तर मनगटाला चावलं आणि पळालं. नंतर ते कुणाला दिसलं नाही.

घरात हे फक्त नानीला माहीत होतं. नानीने तिखट-हळद लावली आणि अम्मीला न सांगता नातीला जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे धनुर्वाताचं इंजेक्शन मिळालं आणि "बिल्ली का कुछ नहीं होता" असं ऐकायला मिळालं. नानीला हेच ऐकायचं होतं. कारण तिच्या मनात एकच भीती होती: पोटात चौदा इंजेक्शनं.

मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले तेव्हा नानीने मला ती गोष्ट सांगितली. तिच्या लहानपणी गावाकडे भावाला कुत्रं चावलं होतं. रोज एक, अशी चौदा दिवस बेंबीभोवती इंजेक्शनं. पोट दगडासारखं सुजलं होतं. "उसका रोना आज भी कान में है," म्हणाली. तिला मी काय म्हणणार? तिचं खोटं नव्हतं.

ती जुनी लस डेव्हिड सेम्पल नावाच्या इंग्रज लष्करी डॉक्टरांनी १९११ मध्ये हिमाचलातल्या कसौली इथे तयार केली. मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवायचा, मग तो औषधाने मारायचा आणि त्या मेंदूचाच लगदा टोचायचा. लस स्वस्त होती, तिने असंख्य जीव वाचवले, हे मान्य करायलाच हवं. पण मेंढीच्या मेंदूतले पदार्थ अंगात गेल्यामुळे काही लोकांच्या शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंच्या आवरणावर उलटायची आणि लकवा यायचा. आपल्या देशात २००४ संपता संपता तिचं उत्पादन थांबलं. आजची लस पेशींमध्ये वाढवून शुद्ध केलेली असते आणि ती दंडाला टोचतात. सरकारी दवाखान्यांत बहुधा कातडीच्या आत अगदी थोडी, दोन्ही दंडांना एकेक थेंबभर, अशी ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात. स्नायूत द्यायची पद्धत असेल तर ०, ३, ७, १४, २८. म्हणजे चार किंवा पाच फेऱ्या. पोटाचा संबंधच नाही.

लस बदलून वीस वर्षं झाली, पण भीती घराघरांत तशीच आहे, आणि त्या भीतीपायी मुलं जखम लपवतात. जगात रेबीजचा संशय असलेल्या प्राण्यांनी चावलेल्या लोकांत सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुलं असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलं बुटकी, चावा तोंडा-मानेवर बसतो, आणि मार पडेल म्हणून ती बोलत नाहीत.

नानीला मी विचारलं, तिखट का लावलं? म्हणाली, जहर जळून जातं. हाच प्रश्न दुसऱ्या दिवशी वर्गात घेतला. तिखटाने काय होतं, साबणाने काय होतं आणि लसीने काय होतं, हे कळायचं असेल तर विषाणू आत जाऊन करतो काय, ते समजून घ्यावं लागतं. जमेल तितकं सोपं करून सांगते.

रेबीजचा विषाणू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा असतो. इतका लहान, की एका मिलिमीटरच्या रांगेत पाच हजारांवर मावतील. त्याच्याकडे स्वतःची म्हणून फक्त पाच प्रकारची प्रथिनं असतात. प्रथिन म्हणजे डाळ-अंड्याच्या गप्पांत आपण ज्याला प्रोटीन म्हणतो तेच. प्रथिन ही एक लांबलचक साखळी. ती ठरावीक पद्धतीने घडी होऊन बसली तरच तिचं काम चालतं. चावीचे दाते वाकले की लोखंड तेच राहतं, पण कुलूप उघडत नाही, तसं. अंडं फोडून तव्यावर टाकलं की पारदर्शक बलक पांढरा होतो ना, तिथेही हेच झालेलं असतं. उष्णतेने प्रथिनांच्या घड्या सुटल्या, सुटलेल्या साखळ्या एकमेकींत अडकल्या आणि गठ्ठा झाला. ते अंडं पुन्हा कच्चं करता येत नाही.

आता आपल्या विषाणूकडे. त्याच्या बाहेरच्या चरबीच्या पातळ आवरणावर एक प्रथिन काट्यांसारखं उभं असतं. शास्त्रज्ञ त्याला नुसतं 'जी' म्हणतात. मांजराच्या लाळेतून तो स्नायूत उतरला की हे जी प्रथिन मज्जातंतूच्या टोकाला धरतं. तंतू त्याला एका छोट्या पिशवीत गुंडाळून आत घेतो. पिशवीत आम्लता वाढते, आणि त्या आम्लाने जी प्रथिन आपली घडी बदलतं. घडी बदलली की विषाणूचं आवरण पिशवीच्या भिंतीला जोडलं जातं आणि आतला माल बाहेर. म्हणजे एका प्रथिनाने आकार बदलण्यावर त्याचा प्रवेश अवलंबून आहे. मग तंतूच्या आतूनच, दिवसाला काही मिलिमीटर ते काही सेंटीमीटर अशा चालीने, तो पाठीच्या कण्याकडे आणि पुढे मेंदूकडे निघतो. बहुतेकांना लक्षणं दिसायला दोन-तीन महिने लागतात. कधी आठवडाभरात दिसतात, कधी वर्षही जातं. चावा डोक्याच्या जितका जवळ, तितकी मुदत कमी.

मेंदूच्या पेशीत पोचल्यावर तो स्वतःची दोन प्रथिनं प्रचंड प्रमाणात बनवून घेतो, 'एन' आणि 'पी'. ही दोन भेटली की मोकळी राहत नाहीत, एकत्र जमून गोळे करतात. हे गोळे सूक्ष्मदर्शकातून पहिल्यांदा नीट पाहिले ते इटलीतल्या पाविया शहरातल्या अडेल्की नेग्री या तरुण डॉक्टरांनी, १९०३ साली. म्हणून त्यांना नेग्री गोळे म्हणतात. रंग दिल्यावर ते किरमिजी दिसतात. नेग्रींना वाटलं, हेच रोगाचे जंतू आहेत, मलेरियासारखे एकपेशीय परजीवी.

ते चुकले, आणि चूक कळली त्याच वर्षी. कुठे, तर इस्तंबूलमध्ये. ही गोष्ट आपल्या मुलांना फार कमी माहीत असते, म्हणून जरा थांबते. पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची पहिली लस टोचली. ही बातमी कळताच उस्मानी सुलतान अब्दुल हमीद दुसरे यांनी १८८६ मध्ये डॉक्टरांचं एक पथक त्यांच्याकडे शिकायला पाठवलं, आणि वर्षभरात इस्तंबूलमध्ये रेबीजची संस्था उभी राहिली. तिथे रेमलिंजर आणि रिफत बे या दोघांनी रोगी मेंदूचं पाणी अतिशय बारीक गाळणीतून काढलं. जिवाणू किंवा परजीवी अडकून राहील अशी ती गाळणी. तरी गाळलेल्या पाण्याने रोग झालाच. म्हणजे रोगाचं कारण त्या गोळ्यांपेक्षा कितीतरी लहान होतं.

मग गोळे कशासाठी? कित्येक वर्षं त्यांचा उपयोग फक्त निदानापुरता राहिला. संशयित कुत्र्याचा मेंदू पाहायचा, गोळे दिसले तर रेबीज. न दिसले तर मात्र खात्री नाही, कारण काही रोगी प्राण्यांत ते सापडत नाहीत. म्हणून आता वेगळ्या तपासण्या करतात. गोळ्यांचं खरं काम अलीकडे उलगडलं. फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये दाखवलं की हे विषाणूचे कारखाने आहेत, त्याच्या नव्या प्रती इथेच छापल्या जातात. २०१७ मध्ये आणखी एक गोष्ट कळली: हे गोळे घट्ट नाहीत, ते थेंब आहेत. सालनावर तेलाची तरी येते तेव्हा थेंब कसे तरंगतात, दोन जवळ आले की एक होतात, भोवती भिंत नसून वेगळे राहतात, तसे. वर्गात मी डब्यातल्या रश्श्यावरच हे दाखवलं. बाकी धडा विसरले तरी हे मुलं विसरणार नाहीत.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा, कारण 'मेंदूत प्रथिनांच्या गाठी' म्हटलं की वाचकांना वेगवेगळे आजार आठवतात. म्हातारपणी विस्मरणाच्या अल्झायमरमध्ये मेंदूत जमतात ती आपलीच, घडी बिघडलेली प्रथिनं. ब्रिटनमध्ये १९८० आणि ९०च्या दशकांत 'वेड्या गाई'चा रोग गाजला होता. त्यात तर विषाणूच नाही. चुकीच्या घडीचं एक प्रथिन शेजारच्या चांगल्या प्रथिनाला आपल्यासारखं बिघडवत जातं. त्याचा शोध लावणाऱ्या स्टॅनली प्रुसिनर यांना १९९७ चं नोबेल मिळालं. रेबीजचे थेंब यातले नाहीत. त्यात प्रथिनांची घडी बिघडलेली नसते, उलट ती अगदी कामापुरती जमलेली असतात. म्हणूनच रेबीजने मेलेल्या माणसाच्या मेंदूत पेशींचा नाश अनेकदा आश्चर्य वाटावं इतका कमी दिसतो. पेशी जागच्या जागी असतात, पण काम त्या विषाणूचं करत असतात. पी प्रथिन आणखी एक चलाखी करतं. पेशी संकटात असली की शेजाऱ्यांना रासायनिक इशारा देते, तो इशाराच ते दाबून टाकतं.

पाण्याचा घोट घ्यायचा म्हटलं तरी घशाचे स्नायू आवळतात, वाऱ्याच्या झुळकीनेही माणूस दचकतो, हे सगळं त्यानंतर. एकदा लक्षणं सुरू झाली की जवळजवळ कुणीच वाचत नाही. थेंब मेंदूत तयार झाल्यावर दंडात टोचलेल्या लसीचा उपयोग होत नाही. प्रतिपिंड रक्तात फिरतात, आणि शत्रू तंतूच्या आत बसलेला असतो. जे काही करायचं ते तो तंतूत शिरायच्या आधी, स्नायूत आणि जखमेत असतानाच.

म्हणून पहिला इलाज नळावरचा. त्या चरबीच्या आवरणाला साबण विरघळवतो. आवरण गेलं की त्यावरची जी प्रथिनं निखळतात आणि विषाणू निकामी होतो. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावून धुवा, कारण रडणाऱ्या मुलासमोर दोन मिनिटंही पंधरा वाटतात. नंतर जंतुनाशक. तिखट, चुना, तेल, चहाची पूड, कोळसा, काहीही लावायचं नाही. तिखटाने विषाणू मरत नाही. जखम चिडते, मूल धुवू देत नाही आणि वेळ जातो. टाकेही शक्यतो लगेच घालत नाहीत.

दुसरा इलाज सीरमचा. रक्त आलेलं असेल, दात किंवा नख कातडीत शिरलं असेल, किंवा उघड्या जखमेला, डोळ्याला, ओठाला लाळ लागली असेल, तर नुसती लस पुरत नाही. लसीने शरीर स्वतःचे प्रतिपिंड बनवेपर्यंत एक-दोन आठवडे जातात. तेवढ्या दिवसांसाठी तयार प्रतिपिंड थेट जखमेत आणि तिच्याभोवती टोचतात. ते जी प्रथिनाचा आकार ओळखून त्याला चिकटतात, मग त्याला तंतू धरता येत नाही. पूर्वी हे फक्त घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून मिळायचे. आपल्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मासबायोलॉजिक्स संस्थेबरोबर प्रयोगशाळेत बनवलेलं प्रतिपिंड २०१७ साली बाजारात आणलं, 'रॅबिशील्ड' नावाने. काळेवाडीपासून पुण्याच्या दुसऱ्या टोकाला बनणारं औषध, आणि आमच्या गल्लीत अजून तिखट! सीरमचं औषध पहिल्या लसीबरोबरच घ्यावं. राहून गेलं तर पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत घेता येतं. आणि हो, लस व सीरम २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. मेडिकलमधून विकत घेऊन ती दुपारभर गाडीच्या डिकीत फिरवू नका. मघाचं तव्यावरचं अंडं आठवा.

आता मांजर. आपल्या घरांत कुत्रा सहसा पाळत नाहीत, तो चावला की सगळे जागे होतात. मांजर मात्र लाडकं, ते उशीजवळ झोपतं, मुलांच्या ताटात तोंड घालतं. त्यामुळे त्याचा चावा आणि ओरखडा खेळात जमा होतो. मांजर रेबीजचा मूळ वाहक नाही हे खरं, पण पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला चावलं की तेही पिसाळतं, आणि त्याच्या लाळेतही तोच विषाणू असतो. पंजा ते सतत चाटत असतं, म्हणून नखंही सोडू नका. नुसतं हात लावलं, खाऊ घातलं, किंवा अखंड कातडीला चाटलं तर काही करावं लागत नाही. रक्त न येता खरचटलं तरी लस. रक्त आलं तर लस आणि सीरम दोन्ही. प्राणी डोळ्यांसमोर असेल तर दहा दिवस लक्ष ठेवा, तेवढ्यात ते धडधाकट राहिलं तर चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं धरतात आणि डॉक्टर पुढचे डोस थांबवू शकतात. पण त्या दहा दिवसांची वाट पाहत पहिला डोस थांबवायचा नाही. पाळलेलं मांजर असेल तर त्याला दरवर्षी पशुवैद्याकडून लस द्या.

आणखी एक, जे ईदच्या आधी सांगायला हवं. दारात बांधलेल्या बकऱ्याला भटक्या कुत्र्याने चावलं, तर ते लपवून कापू नका. पशुवैद्याला दाखवा. पिसाळलेल्या प्राण्याची लाळ आणि भेजा हाताळणं धोक्याचं असतं, आणि कापताना हाताला जखम होतेच.

त्या मुलीचं पुढे काय झालं, ते राहिलंच. त्याच संध्याकाळी तिची अम्मी, मी आणि नानी महापालिकेच्या रुग्णालयात गेलो. चार दिवस उलटले होते, तरी डॉक्टरांनी जखम पुन्हा साबणाने धुतली, मनगटात सीरम टोचलं (ते दुखतं, खोटं कशाला बोलू), आणि दोन्ही दंडांना लस. उशीर झाला म्हणून परत कोणी पाठवत नाही, हे लिहून ठेवा. महिन्याने आठवलं तरी जा.

खरी अडचण तिसऱ्या फेरीला आली. तिचे अब्बू चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे आहेत. एक खाडा म्हणजे एका दिवसाचा पगार गेला. अम्मी दोन घरी स्वयंपाक करते, तिचंही तेच. पोरगी हसतेय-खेळतेय, मग सातव्या दिवसाचं इंजेक्शन राहिलं तर काय बिघडतं, असं अब्बूंनी फोनवर विचारलं. मी त्यांना थेंबांची गोष्ट सांगितली नाही. एवढंच म्हटलं की हे दुखणं आधी हसू-खेळू देतं. सातव्या दिवशी नानीच तिला घेऊन गेली, रिक्षाचे पैसे स्वतःच्या बटव्यातून काढून.

अठ्ठावीसाव्या दिवशी अब्बू रात्रपाळी करून थेट रुग्णालयात आले. कार्डावर शेवटची सही झाली. रांगेत त्यांच्या मागे त्यांच्याच गल्लीतली दोन मुलं आईबरोबर उभी होती. त्यांनाही त्याच मांजराने ओरखडलं होतं, महिनाभर कुणी बोललं नव्हतं. नानीने घरोघर जाऊन विचारलं होतं.

मांजर अजून दिसलेलं नाही.